नियमाचे ओझे आणि कृपेचा विसावा

शास्त्रपाठ : लूक १०:३८-४२



मार्था काही वाईट करीत नव्हती. ती प्रभूसाठीच राबत होती. परंतु कामाच्या व्यापात तिचे मन इतके गुंतले की, घरी आलेला प्रभू बाजूला राहिला आणि बहिणीविषयीची तक्रार तेवढी ओठांवर आली. प्रभूने तिची सेवा नाकारली नाही; तिच्या जिवाची तगमग तिला दाखवून दिली.

गुरुग्रामच्या एखाद्या कचेरीत काम करणारा आपला एक मराठी ख्रिस्ती बंधू कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. एकच अहवाल तो पाच वेळा लिहितो आणि मुदत टळते. दुसऱ्याचे काम मनास येत नाही, म्हणून सारे स्वतःवर घेतो. रविवारही त्यातच जातो. घरी भांड्यांची जागा, मुलांची वह्या-पुस्तके, पैशापैशाचा हिशेब, सारे त्याच्याच नियमाने चालावे लागते. तो प्रामाणिक आहे, निर्व्यसनी आहे. तरी त्याची पावले वाजताच मुले गप्प होतात.

असा स्वभाव तरुणपणापासून जडलेला असून त्यामुळे काम व नातीगोती बिघडू लागली, तर वैद्यकशास्त्र त्यास 'ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर' म्हणते. पुनःपुन्हा हात धुवावयास लावणारा मंत्रचळ याहून निराळा. मंत्रचळाच्या रोग्यास बहुधा स्वतःचेच विचार छळतात. येथे मनुष्यास आपलीच रीत योग्य वाटते. म्हणूनच तो सहसा मदत मागत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. १८५७ च्या बंडात त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याने पछाडले. मीठ-साखरसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. त्यांच्या त्या अवस्थेस आज रोगाचे नाव देणे आपले काम नव्हे. पण नियम एकाचा आणि ओझे साऱ्या घराचे, हे दुःख तेथेही होते आणि येथेही आहे.

सुव्यवस्था ही देवाची देणगी आहे. परंतु शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नव्हे, हे प्रभूने शिकविले. ज्या नियमाने प्रीती गुदमरते, तो नियम सद्गुणाचे वस्त्र पांघरलेला धनी होय. आपण निर्दोष ठरलो म्हणून देवाने आपला स्वीकार केला नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला.

तेव्हा अशा बंधूला 'तुझा विश्वास कमी आहे' असे म्हणून दुखवू नका. त्याच्या हट्टापुढे मान तुकवून भीतीने घरही चालवू नका. आपल्याला काय सोसावे लागते, ते प्रीतीने व स्पष्टपणे सांगा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात अविश्वास नाही. हे शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्यच होता. संभाषणाद्वारे होणाऱ्या उपचाराने पुष्कळांचा ताठरपणा हळूहळू सैल होतो.

आणि वाचका, हे वर्णन तुझेच असेल, तर आज एक काम थोडे अपुरे राहू दे आणि मुलांजवळ जाऊन बस. जग कोसळणार नाही. ते तू नव्हे, प्रभूने सावरून धरले आहे. त्याच्या चरणांशी तुलाही विसावा मिळो. आमेन.