तुळशीपत्र कुणाच्या घरावर?

सिडनी ल्युमेटचा 'रनिंग ऑन एम्प्टी' हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही पाचजण होतो, त्यातले दोघे एका विद्यार्थी संघटनेचं काम करणारे. सिनेमा संपल्यावर पहाटेपर्यंत वाद चालला. बॉम्ब ठेवणं योग्य होतं की नाही, राज्यसत्ता लाखोंना मारत असताना एक इमारत उडवणाऱ्याला हिंसक म्हणायचं का, वगैरे. मी बापाच्या बाजूनं तावातावानं बोललो होतो. गेल्या महिन्यात तो सिनेमा पुन्हा पाहिला. आता माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. आणि लक्षात आलं, की त्या रात्री आम्ही ज्याच्याबद्दल एक अक्षरही काढलं नव्हतं असा एक माणूस या गोष्टीत आहे.

आधी गोष्ट सांगतो. आर्थर आणि अ‍ॅनी पोप या तरुण जोडप्यानं 1971 साली व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात नेपाम बनवणारी एक प्रयोगशाळा बॉम्बनं उडवली. आत कुणी नसणार अशी त्यांची खात्री होती. पण एक सफाई कामगार होता. तो आंधळा झाला, लुळा झाला. तेव्हापासून हे दोघं फरार आहेत. मोठा मुलगा डॅनी तेव्हा दोन वर्षांचा होता, आता सतरा वर्षांचा आहे. धाकटा हॅरी पळापळीतच जन्मला. एफबीआयचा वास आला की गाव सोडायचं, केस रंगवायचे, नवी नावं घ्यायची. सुरुवातीलाच एका गावातून निघताना ते आपला कुत्रा रस्त्यावर सोडून देतात, आणि कुणी फार बोलत नाही. सवय झालेली आहे.

डॅनी पियानो वाजवतो. आईनं शिकवलंय. घरात पियानो ठेवणं शक्य नाही, म्हणून तो आवाज न करणाऱ्या पट्ट्यांवर सराव करतो. न्यू जर्सीतल्या नव्या शाळेतल्या संगीत शिक्षकाला त्याची कुवत कळते, शिक्षकाच्या मुलीवर, लॉर्नावर, त्याचं प्रेम बसतं, आणि जुलियर्डसारख्या संगीत विद्यालयाचं दार किलकिलं होतं. पण तिथे जायचं तर जुन्या शाळांचे दाखले लागतात. दाखले मायकेल मॅनफिल्डचे नाहीत आणि डॅनी पोपचे दाखवता येत नाहीत. आणि गेला तर आईबापांना पुन्हा भेटता येणार नाही, कारण त्याच्यावर नजर राहील.

नेओमी फोनरनं लिहिलेली ही पटकथा 1988 मधली आहे. त्यामागचा काळ काल्पनिक नाही. डाऊ केमिकल खरोखर नेपाम बनवत होती, आणि वेदर अंडरग्राउंडमधली काही माणसं खरोखरच मुलंबाळं घेऊन वर्षानुवर्षं भूमिगत राहिली. ऑगस्ट 1970 मध्ये मॅडिसनच्या विद्यापीठात चौघांनी लष्करासाठी काम करणाऱ्या गणित संशोधन केंद्राची इमारत स्फोटकांनी उडवली. वेळ मध्यरात्रीनंतरची निवडली होती, आधी फोनही केला होता. तरी तळघरात आपला प्रयोग करत बसलेला रॉबर्ट फासनाख्त हा 33 वर्षांचा भौतिकशास्त्रज्ञ मेला. लष्कराच्या कामाशी त्याचा संबंध नव्हता. त्याला तीन मुलं होती.

आपल्याकडे अशा माणसांसाठी एक वाक्प्रचार आहे, घरावर तुळशीपत्र ठेवणं. हे शब्द उच्चारताना आपला आवाज आपोआप खाली येतो. स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसांबद्दल, चळवळीतल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांबद्दल आपण ते आदरानं वापरतो, आणि मला तो आदर खोटा वाटत नाही. पण या वाक्प्रचाराचा मूळ अर्थ दानाचा आहे. दान करायच्या वस्तूवर तुळशीचं पान ठेवायचं आणि तिच्यावरचा आपला हक्क सोडायचा. आता दानाची पहिली अट काय? वस्तू देणाऱ्याची असली पाहिजे. घर म्हणजे भिंती आणि कौलं असतील तर ठीक आहे. आत माणसं राहत असतील तर?

हरिश्चंद्रानं राज्य दिलं तोवर कुणाचं काही म्हणणं नसतं. मग दक्षिणेसाठी तो तारामतीला आणि रोहिदासाला विकतो. आपण लहानपणी ही गोष्ट ऐकून हरिश्चंद्रासाठी रडलो. फाळक्यांनी 1913 साली पहिला सिनेमा काढला तोही त्याच्यावरच. रोहिदासाला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न कथेत येत नाही, कारण कथेच्या हिशेबात तो बापाच्या संपत्तीत मोडतो.

इथे माझं मलाच एक उत्तर सुचतं, आणि ते हलकं नाही. मुलांना विचारून कोणते आईबाप जगतात? बँकेतल्या माणसाची दर तीन वर्षांनी बदली होते, मुलांच्या शाळा तुटतात. कुणी कर्ज काढून धंदा करतो आणि बुडतो. मुलं नेहमीच दुसऱ्यांच्या निर्णयांच्या आत जन्मतात. मग आदर्शासाठी घेतलेल्या निर्णयालाच वेगळा दंड का? शिवाय डॅनी हा उद्ध्वस्त मुलगा नाही. समजूतदार आहे, मायाळू आहे. अ‍ॅनीच्या वाढदिवसाला जेवणं झाल्यावर ही सगळी आणि लॉर्ना मिळून नाचतात, तेव्हा वाटतं की इतकं घट्ट घर बदलीवाल्यांच्या नशिबी क्वचितच येत असेल. आदर्शवाद्यांनी लग्नं करू नयेत असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही. आर्थर आणि अ‍ॅनीचं प्रेम त्या ध्येयाच्या बाहेर कुठे ठेवलेलंच नाही, त्यातून वेगळं काढायला.

तरी फरक आहे. बदलीवाल्याचा मुलगा नव्या गावात मित्राला सांगू शकतो की आम्ही आधी अमुक ठिकाणी होतो. डॅनीला स्वतःचं नाव सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो ते लॉर्नाला सांगतो, आणि ते प्रेमाच्या कबुलीपेक्षा गुन्ह्याच्या कबुलीसारखं वाटतं. केलेलं काही नसताना.

आणि तो सफाई कामगार. तो पडद्यावर कधीच दिसत नाही. त्याच्याबद्दल बोललं जातं तेही ओझरतं, की तो तिथे असायला नको होता. हे वाक्य दुसऱ्यांदा ऐकताना मला टोचलं. तो तिथेच असायला हवा होता, त्याची नोकरी तिथे होती. ज्यांच्या वतीनं ही मंडळी लढत होती त्याच वर्गातला, रात्रपाळीवाला माणूस. सिनेमाभर मी मनातल्या मनात म्हणत होतो, पोलीस येऊ नयेत, हे पकडले जाऊ नयेत. म्हणजे मीही त्याच्या बाजूला नव्हतो.

पंधरा वर्षं हे कुटुंब किंमत मोजतंय हे खरं. पण कुणाला? डॅनीचा पियानो गेल्यानं त्या माणसाची दृष्टी परत येणार नाही. एकाचं देणं दुसऱ्याच्या खिशातून काढायचं आणि ते तिसऱ्यालाही पोचवायचं नाही, असा हा व्यवहार आहे. तुरुंगानंही दृष्टी आली नसती म्हणा. पण देणं निदान ज्याचं त्यानं फेडलं असतं.

अ‍ॅनीला हे कळलेलं आहे, आर्थरपेक्षा आधी. ती अनेक वर्षांनी आपल्या वडिलांना एका हॉटेलात भेटते आणि डॅनीला ठेवून घ्या म्हणून विचारते. ज्यांना तिनं साम्राज्यवादी म्हणून शिव्या घातल्या होत्या, ज्यांच्या घराला लाथ मारून ती निघाली होती, तेच हे वडील. तिला आता त्यांच्याकडे मागायचंय ते त्यांनी भोगलेलं दुःख. माझं मूल माझ्यापासून दूर जाऊ दे, जशी मी तुमच्यापासून गेले. सूड घ्यायची याहून चांगली संधी बापाला मिळाली नसती. तो कडवटपणे तिला जुने शब्द ऐकवतो, आणि हो म्हणतो. ती निघून गेल्यावर एकटा बसून रडतो. हा प्रसंग चारपाच मिनिटांचा असेल. बॉम्बचा प्रश्न आम्ही पहाटेपर्यंत घोळला होता, आणि या प्रसंगाबद्दल कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

आर्थरचं मला अजूनही वाईट वाटतं. तो ढोंगी नाही. सत्तेला आयुष्यभर विरोध केलेला हा माणूस घरात मात्र एकच नियम सांगतो, आपण एकत्र राहायचं, आणि तो नियम मोडण्याची परवानगी देणारा आपणच आहोत हे त्याच्या लक्षात येत नाही. शेवटी पुन्हा गाव सोडायची वेळ येते. सामान ट्रकमध्ये चढलंय. डॅनी सायकलवरून येतो, निघायच्या तयारीनं. आणि आर्थर त्याला सायकल खाली उतरवायला सांगतो.

डॅनीला क्षणभर समजत नाही, त्याला का हाकलतायत ते.