पेटीत ठेवलेला गणवेश



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातील वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाची उचल घेऊन झालेली असते. ट्रॅक्टर येतो, भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि त्यांच्यासोबत लेकरेही चढतात. कोयता पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकाकडे निघतो. मागे बंद घरात, पत्र्याच्या पेटीत, शाळेचा गणवेश घडी घालून ठेवलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये मूल परतते तेव्हा तो आखूड झालेला असतो.

गणवेश म्हणजे गणाचा वेश. तो घालणारा एकटा नसतो. आपल्यातील वडीलधाऱ्यांना पांढरा सदरा आणि खाकी चड्डीचे दिवस आठवत असतील. एकच जोड, रात्री धुवायचा, उशाखाली घडी करून ठेवायचा, नाहीतर तांब्यात निखारे घालून त्यावर इस्त्री फिरवायची. तो अभिमान कापडाचा नव्हता. बागाईतदाराचे लेकरू आणि ऊसतोड्याचे लेकरू प्रार्थनेला एका रांगेत उभे राहिले की कोणाच्या घरी किती एकर आहे हे सदरा सांगत नव्हता. (चपलेवरून आणि डब्यावरून कळायचेच, लेकरांची नजर फार बारीक असते.)

उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायात याच्या उलट घडते. याकोबाला बारा मुलगे, पण सुंदर झगा मिळाला एकट्या योसेफाला. बापाची माया खोटी नव्हती. ती एकाच्याच अंगावर दिसली एवढेच. भावांनी आधी तो झगा ओरबाडून काढला आणि मग भावाला विकले. आपल्या शाळांमध्येही अनेक वर्षे मोफत गणवेश सर्व मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व दारिद्र्यरेषेखालील मुलांनाच मिळे. एकाच बाकावर एकाचा सदरा नवा, दुसऱ्याचा विटलेला. उरलेल्या मुलांनाही तो द्यायचा निर्णय शासनाने २०२३-२४ पासून घेतला, हे चांगले झाले. पुढच्या वर्षी राज्यभर एकच गणवेश मुंबईहून ठरला, तेव्हा मात्र कपडे उशिरा आले, मापे चुकली, अशा तक्रारी गावोगावी झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्यात आले. या समितीत कायद्याने पाऊण सभासद पालकच असतात. म्हणजे गणवेश वेळेवर आणि मापाचा मिळणे हे आता आपल्याही हातात आहे. सभेला न जाता झाडाखाली बसून शासनाला नावे ठेवणे आपण सोडावे.

अभिमानाचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो आपल्या मंदिराच्या बाकांवरही बसतो. टाय आणि बूट घातलेल्या लेकराला आपण पुढे बोलावतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतले लेकरू दाराशी उभे राहते. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय नेमका यावरच आहे. भारी कपड्याच्या माणसाला चांगली जागा आणि फाटक्या कपड्याच्या माणसाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला प्रेषिताने कडक शब्दांत सुनावले आहे.

आपल्या सर्वांचा पहिला गणवेश शाळेचा नव्हे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला शुभ्र वस्त्र दिले जाते. ते आपण कमावलेले नसते. संत पौल गलतीकरांना लिहितो की बाप्तिस्मा घेतलेल्यांनी ख्रिस्तालाच परिधान केले आहे, आणि लगेच सांगतो की आता दास आणि स्वतंत्र हा भेद उरला नाही. कलस्सैकरांना तो करुणा, ममता, सौम्यता ही वस्त्रे चढवायला सांगतो. उधळ्या पुत्राच्या बापानेही मुलगा सुधारेल तोपर्यंत वाट पाहिली नाही. आधी झगा आणवला.

येत्या ११ नोव्हेंबरला तूरचे संत मार्टिन यांचा सण आहे. ते रोमी सैन्यात होते. अजून बाप्तिस्माही झालेला नव्हता. कडाक्याच्या थंडीत आमिअँ शहराच्या वेशीवर एक उघडा भिकारी दिसला. मार्टिन यांच्याजवळ द्यायला दुसरे काही नव्हते. त्यांनी तलवारीने आपला सैनिकी झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला. लोक त्यांच्या अर्ध्या पोशाखाला हसले. त्या रात्री स्वप्नात तोच अर्धा तुकडा पांघरलेला प्रभू येशू त्यांना दिसला. पुढे त्यांचा झगा जिथे जपून ठेवला, त्या जागेवरूनच ‘चॅपेल’ हा शब्द आला.

आता नोव्हेंबरची थंडी आणि आपल्या लेकरांचा विचार करू या. उसाच्या फडात पाचटावर बसलेल्या मुलाच्या अंगावर शाळेचा सदरा असला तरी तो गणवेश राहत नाही, कारण त्याचा गण दोनशे-तीनशे किलोमीटर मागे राहिलेला असतो. आईबापांना दोष देणे सोपे आहे. उचल फिटल्याशिवाय त्यांना थांबता येत नाही, आणि लेकराला कोणाच्या भरवशावर ठेवायचे हा प्रश्न खरा आहे. वाढत्या मुलीच्या बाबतीत तर याच भीतीपोटी लग्नच उरकले जाते. अठरा वर्षांच्या आत असे लग्न लावणे गुन्हा आहे, आणि त्या मुलीचा गणवेश पुन्हा पेटीबाहेर येत नाही.

काही वाटा आहेत. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय शाळेमार्फत होते. मुख्याध्यापकांना आत्ताच विचारावे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना सुरू झाली. आणि मूल बरोबर न्यावेच लागले, तर कारखान्याजवळच्या शाळेला दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. त्याचा गणवेश तेवढा गाठोड्यात न विसरता बांधावा.

यंदा ज्यांचे जाणे ठरले आहे त्यांनी आज मिस्सानंतर दहा मिनिटे थांबावे. मुलांची नावे, इयत्ता आणि घरी मागे कोण राहणार हे आपण लिहून घेऊ. आणि ज्यांच्या घरात आणखी एका लेकराची वाकळ अंथरता येईल, त्यांनीही थांबावे.