सतरा गुंठे

थोरल्या मामांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. हॅलो वगैरे काही नाही. "तुझ्या मशिनीनं पकडलं बघ त्याला. सतरा गुंठं खाल्लंय आमचं."

'तो' म्हणजे धाकटे मामा, त्यांचे चुलतभाऊ. बार्शी तालुक्यात दोघांची शेतं बांधाला बांध लावून आहेत. आज्यांच्या काळात वाटणी झाली तेव्हा दोघांच्या वाट्याला चार-चार एकर आली, सातबाऱ्यावरही तेच आहे. आणि 'मशीन' म्हणजे मी लिहिलेलं एक विजेट.

वेबवरच्या नकाशावर कडेला जी छोटी बटणं असतात, झूम, शोध, थर चालू-बंद करणं, अंतर मोजणं, त्यांना आम्ही विजेट म्हणतो. तयार विजेट घ्यायचं, ग्राहकाला हवे तसे रंग, भाषा, एककं बदलून द्यायची, हे माझं रोजचं काम. हे क्षेत्रफळ मोजायचं विजेट आमच्या टीमनं आधी सिंगापूरच्या एका प्रकल्पासाठी केलं होतं. मी त्यात एकर-गुंठे टाकले, मराठी केली आणि शेतीच्या एका ॲपमध्ये बसवलं. कौतुक व्हावं म्हणून लिंक मामांनाही पाठवली. ते कौतुक आता मला बसमध्ये ऐकू येत होतं.

चूक शोधायला अर्धा तास लागला. वेबवरचे बहुतेक नकाशे ज्या प्रक्षेपणात काढलेले असतात त्याचं मूळ मर्केटर, १५६९ सालचं, खलाशांसाठी केलेलं. त्यात दिशा बरोबर राहतात, त्यासाठी क्षेत्रफळाचा बळी जातो. विषुववृत्तापासून जितकं दूर जाल तितकी जमीन फुगते. साठ अक्षांशावर चौपट. सिंगापूर विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे, तिथे फुगवटा नावापुरता, त्यामुळे टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं. बार्शी अठरा अंशांच्या थोडी वर. तिथे फुगवटा अकरा टक्क्यांच्या आसपास येतो. चार एकरांचे चार एकर सतरा-अठरा गुंठे होतात. ओपनलेयर्स वापरणाऱ्यांना हा खड्डा माहीत असेल: बहुभुजाला थेट क्षेत्रफळ विचारलं की ते सपाट पडद्यावरचं मिळतं, गोल पृथ्वीवरचं हवं असेल तर दुसरं फंक्शन वापरावं लागतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे. मी ते वाचलेलंही होतं.

म्हणजे विजेट खोटं बोलत होतं का? मी बराच वेळ या प्रश्नाशी झटलो. कोडची एकही ओळ चुकीची चालत नव्हती. फंक्शननं जे करायचं कबूल केलं होतं तेच केलं. टीममधला एकजण म्हणाला, "हा युजर एरर आहे, खाली डिस्क्लेमर आहे ना." आहे. करड्या रंगात, इतक्या बारीक अक्षरांत की मामांना चष्मा लावूनही दिसणार नाही. आणि त्याच्या वर ठळक आकडा, हेक्टरमध्ये, दशांशानंतर चार अंक. हेक्टरचा चौथा दशांश म्हणजे एक चौरस मीटर. पूर्ण झूम केलेल्या नकाशावर एका पिक्सेलमागे साधारण अर्धा मीटर येतो. मामांच्या बोटाखाली पंधरा-वीस मीटर शेत झाकलं जातं. अशा बोटानं काढलेल्या आकृतीचं उत्तर मी एका चौरस मीटरपर्यंत छापत होतो. अकरा टक्क्यांची चूक माझ्या लक्षात आली नव्हती असं म्हणता येईल. ते चार दशांश मात्र मी जाणूनबुजून ठेवले होते, कारण दुसऱ्या ॲपवाल्यांचे तीन होते.

खोटं बोलायला हेतू लागतो, असं आपण धरून चालतो. माझा हेतू मामांना फसवायचा नव्हता, ठीक आहे. पण मला आकड्याबद्दल जेवढी खात्री होती त्यापेक्षा जास्त खात्री वाटावी हा हेतू नक्की होता. त्याला काय म्हणायचं हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. निष्काळजीपणा म्हटलं तर फार सौम्य वाटतं.

त्या रात्री मी मामांना व्हिडिओ कॉल केला आणि म्हटलं, "मामा, आता तुमचं शेत मोजा." ते म्हणाले, माझं मला ठाऊक आहे, ते काय मोजायचं. खूप गळ घातल्यावर मोजलं. चार एकर सतरा गुंठे. थोडा वेळ शांतता. मग, "म्हणजे मी बी खाल्लं का?"

मला हसू आलं, पण त्यांना नाही. खरं तर त्या विजेटनं अख्ख्या गावाची जमीन अकरा टक्क्यांनी वाढवली असती. चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखीच होती. पण मोजणारा फक्त दुसऱ्याचं मोजतो तेव्हा तीच चूक चोरी दिसते. आणि मी दिलेलं अवजार असं होतं की कुणालाही, रात्री अंथरुणात पडून, एकट्यानं, शेजाऱ्याचं शेत मोजता येईल.

इथे मला भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आठवते. लहानपणी एकदा पाहिली होती. अर्ज, फी, लगतच्या खातेदारांना नोटिसा, तारीख पडणार, भूकरमापक येणार, बांधावर दोन्ही बाजूंची माणसं उभी, कुणीतरी चहा आणलेला, भांडण चाललेलं. आम्ही इंजिनिअर लोक या सगळ्या प्रकाराला वेळखाऊ म्हणतो. आहेच तो. पण ज्याची जमीन मोजली जाते तो तिथे हजर असतो, हरकत घेऊ शकतो, नंतर 'क' प्रत मागू शकतो. मी ती सगळी माणसं बाजूला काढली आणि त्यालाच सोय म्हटलं. बियाणं किती लागेल, ठिबकची नळी किती, यासाठी ही सोय उत्तमच आहे. पण बटणावर 'फक्त बियाण्यासाठी' असं कुठे लिहिलेलं होतं?

फंक्शन बदलायला दहा मिनिटं लागली. दशांश काढायला मात्र दोन मीटिंगा. "आकडा कमी अचूक दिसला तर लोक भरवसा ठेवणार नाहीत," असं मॅनेजर म्हणाला, आणि त्याचं म्हणणं बहुधा खरं आहे. शेवटी गुंठे पाचाच्या पटीत आणि पुढे 'सुमारे', यावर तडजोड झाली.

तोवर मामा पारावर चार लोकांसमोर बोलून बसले होते. धाकट्या मामांनी सामाईक विहिरीच्या पाळीवरून बोलणं बंद केलं होतं. मी दोघांना फोन करून चूक माझी होती असं सांगितलं. धाकटे मामा म्हणाले, "तुझी असंल रे, पण तोंड त्याचं होतं." थोरले मामा तर मानायलाच तयार नव्हते. मोजणीवाल्याची चूक असू शकते, पण भाचा इंजिनिअर आहे, त्याच्या मशिनीची कशी असेल? माझ्या शिक्षणाचा असा उपयोग होईल असं आईला वाटलं नसेल.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्यांनी नवीन आवृत्ती उघडून दाखवली.

"हे आता 'सुमारे चार एकर' म्हणतंय. सुमारे म्हंजी किती?"

म्हटलं, "चार-पाच गुंठे इकडे तिकडे धरा, मामा."

ते फोनकडे बघत राहिले. "एवढ्यावरनं तर खून पडत्यात," म्हणाले, आणि विहिरीकडे निघाले. त्या दिवशी पाळी धाकट्या मामांची होती.