पुस्तक देणं आणि पुस्तक पाठवणं

मराठी वाचकांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम ग्रुपवर हा प्रश्न अधूनमधून येतोच: ‘कुणाकडे अमुक पुस्तकाची पीडीएफ आहे का?’ दहा मिनिटांत फाइल येते. तिच्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. मग एखादा सदस्य लिहितो, ‘ही चोरी आहे.’ त्यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘मग मित्राला पुस्तक वाचायला देणं हीसुद्धा चोरीच का?’ वाद बहुतेक वेळा इथेच थांबतो, किंवा ॲडमिन थांबवतो.

हे उत्तर पळवाट म्हणून दिलं जातं, हे मान्य. पण प्रश्न म्हणून ते अस्सल आहे. पुस्तक वाचायला देणाऱ्याला आपण दिलदार म्हणतो आणि न देणाऱ्याला चिक्कू. मग तेच पुस्तक फाइल होऊन गेलं की देणारा चोर कसा ठरतो? मजकूर तोच, वाचणाऱ्याचा आनंद तोच, आणि लेखकाला दोन्ही वेळा मिळणारी रक्कमही तीच: शून्य. फरक आहे असं आतून वाटतं खरं, पण तो नेमका कुठे आहे?

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न आपोआप मिटेल असं वाटत होतं, कारण कागदच संपणार होता. नोव्हेंबर २००७मध्ये ॲमेझॉनचं पहिलं किंडल ३९९ डॉलरला बाजारात आलं आणि साडेपाच तासांत संपलं. मे २०११मध्ये कंपनीने जाहीर केलं की अमेरिकेत आता आमच्याकडे कागदी पुस्तकांपेक्षा किंडलची पुस्तकं जास्त विकली जातात. त्याच वर्षी ‘बॉर्डर्स’ ही तिथली पुस्तकदुकानांची मोठी साखळी बंद पडली. कागदाचा मृत्युलेख लिहून तयार होता.

पण २०१३-१४च्या सुमारास तिथल्या ई-पुस्तकांची चढण थांबली. आज अमेरिकेतल्या प्रकाशकांच्या सर्वसाधारण पुस्तकांच्या उत्पन्नात ई-पुस्तकांचा वाटा एक-दशांशाच्या आसपास आहे. २०२१ साली तिथे छापील पुस्तकांच्या ८० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. यावरून ‘लोकांचं कागदावरच प्रेम आहे’ असा भावुक निष्कर्ष काढायची घाई नको. मोठ्या प्रकाशकांनी किंमत ठरवायचा हक्क ॲमेझॉनकडून परत मिळवल्यावर त्यांची ई-पुस्तकं महाग झाली, हेही त्यामागचं एक कारण आहे. शिवाय लेखकांनी स्वतःच प्रकाशित केलेली हजारो स्वस्त ई-पुस्तकं प्रकाशकांच्या आकड्यांत धरलीच जात नाहीत. एवढं मात्र नक्की म्हणता येतं: दोन्ही प्रकार राहणार आहेत. आपल्या कपाटात एक पुस्तक असेल, फोनमध्ये दुसरं असेल, आणि दोन्हींना आपण ‘माझं पुस्तक’च म्हणत राहू.

हा ‘माझं’ शब्द दोन्हीकडे सारखा नाही.

१९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला आला. एका प्रकाशकाने कादंबरीत सूचना छापली होती की, हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकलं तर तो कॉपीराइटचा भंग मानला जाईल. ‘मेसीज’ या दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. एकदा प्रत विकली की त्या प्रतीवरचा प्रकाशकाचा ताबा संपतो, असा त्याचा अर्थ. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही हेच तत्त्व वेगळ्या शब्दांत आहे: एकदा विकलेली प्रत ‘चलनात आलेली’ मानली जाते, आणि अशी प्रत पुढे देण्याघेण्यावर लेखक-प्रकाशकाचा हक्क उरत नाही. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं, रद्दीवाल्याकडे अवचित सापडलेली पहिली आवृत्ती, ताईची पाठ्यपुस्तकं धाकट्याला मिळणं, गावातलं वाचनालय, हे सगळं या एका तत्त्वावर उभं आहे.

फोनमधल्या पुस्तकाला हे लागू पडत नाही. ‘बाय नाऊ’ दाबून आपण बहुतेक वेळा पुस्तक घेत नाही, ते वाचायचा परवाना घेतो. जुलै २००९मध्ये ॲमेझॉनने काही ग्राहकांच्या किंडलमधून विकत घेतलेली पुस्तकं परस्पर काढून टाकली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. त्यात जॉर्ज ऑर्वेलचं ‘१९८४’ होतं, हा योगायोग कुणी कादंबरीत लिहिला असता तर आपण त्याला बटबटीत म्हटलं असतं. पैसे परत मिळाले. पण पुस्तकाच्या दुकानदाराने रात्री घरात शिरून पुस्तक उचललं आणि टेबलावर नोटा ठेवल्या, तर आपण ‘पैसे तर मिळाले ना’ म्हणून गप्प बसू का? २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तेव्हाही पैसे परत मिळाले आणि पुस्तकं नाहीशी झाली. २०२५पासून कॅलिफोर्नियात तर कायदाच लागू झाला की, परवाना विकत असाल तर तसं ग्राहकाला स्पष्ट सांगा, नुसतं ‘खरेदी’ म्हणू नका.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. परवाना दुसऱ्याला वाचायला देता येत नाही. मग कंपन्यांनी देण्याची सोय कशी केली, ते बघण्यासारखं आहे. २०१०च्या अखेरीस किंडलवर पुस्तक उसनं द्यायची सुविधा अमेरिकेत आली. तिच्या अटी अशा: प्रकाशकाची परवानगी असेल तरच, एक पुस्तक एकदाच, १४ दिवसांसाठी, आणि तेवढे दिवस देणाऱ्याला ते वाचता येणार नाही. पुढच्याच वर्षी हार्परकॉलिन्सने तिथल्या ग्रंथालयांना सांगितलं की, आमचं ई-पुस्तक २६ वेळा दिलं गेलं की संपेल, मग पुन्हा विकत घ्या. म्हणजे ज्या वस्तूची पानं फाटत नाहीत आणि जी एकाच वेळी हजार हातांत असू शकते, तिच्यावर कागदाची म्हातारपणं आणि कागदाची गैरहजेरी मुद्दाम लादली गेली.

हे हास्यास्पद वाटतं. पण या नकलेतच मला उत्तराचं टोक सापडतं. नक्कल करणाऱ्यांनी कागदातली नेमकी कोणती गोष्ट उचलली? गैरहजेरी. मी तुम्हाला पुस्तक देतो तेव्हा ते माझ्याकडे नसतं. कपाटात फट दिसते. ते परत येईल का, कोपरे दुमडलेले येतील का, चहाचा डाग पडेल का, ही धाकधूक माझी असते. उसनं देणं हा छोटासा त्याग आहे आणि छोटासा विश्वासही. म्हणूनच आपण पुस्तक कुणालाही देत नाही, माणूस बघून देतो. आणि म्हणूनच एका प्रतीचे वाचक दहा-वीस होतात, दहा हजार होत नाहीत. उसनवारीची मर्यादा कुठल्या कलमात लिहिलेली नाही. ती देणाऱ्याच्या तोट्यातच आहे.

पीडीएफ पाठवताना माझं काय जातं? काही नाही. फाइल माझ्याकडे तशीच राहते, वर दिलदारपणाचं श्रेय मिळतं. खर्च होतोच, पण तो ग्रुपमध्ये नसलेल्या तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर पडतो. याला मराठीत जुना शब्दप्रयोग आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. छापखान्याआधीच्या काळात पोथीची नक्कल करणं पुण्याचं काम मानलं जाई, हे कुणी आठवण करून देईल. बरोबर आहे. पण नक्कल करणारा बोरू घेऊन महिनोन्महिने बसत असे. त्याच्या पुण्यात त्याचे स्वतःचे कष्ट होते.

‘पण मी ते पुस्तक तसंही विकत घेतलं नसतं, मग नुकसान कुणाचं झालं?’ हा युक्तिवाद एकट्या माणसापुरता खराही असेल. आता थोडा हिशोब करू. मराठीत साहित्यिक पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींची, हल्ली अनेकदा त्याहून कमी. पुस्तक ३०० रुपयांचं आणि लेखकाचा वाटा दहा टक्के धरला तर हजार प्रती संपल्यावर लेखकाच्या हाती येतात ३०,००० रुपये, तेही काही वर्षांत मिळून. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. म्हणजे भरलेल्या ग्रुपवर केलेला एक फॉरवर्ड हा एका अख्ख्या आवृत्तीहून मोठा असतो. त्यातल्या पन्नास जणांनीच एरवी पुस्तक घेतलं असतं असं म्हटलं, तरी हजाराच्या आवृत्तीत पन्नास हा छोटा आकडा नाही. इंग्रजी बेस्टसेलरच्या लेखकाला हा फटका कदाचित जाणवणार नाही. मराठीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकाच्या लेखकाला जाणवतो. पुढचं पुस्तक छापायचं की नाही, हे प्रकाशक याच आकड्यांवरून ठरवत असतो.

इथे थांबलो तर हा लेख वाचकांना दटावणारं प्रवचन होईल, आणि ते अर्धसत्य असेल. कारण सगळ्या पीडीएफ एका माळेच्या नाहीत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११पासून ‘श्यामची आई’चा मूळ मजकूर कुणालाही बिनदिक्कत पाठवता येतो. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६०च्या अखेरपर्यंत राहील. ज्यांना दृष्टिदोषामुळे छापील पान वाचता येत नाही, त्यांच्यासाठी पुस्तक वाचनयोग्य रूपात आणायला २०१२च्या कायदादुरुस्तीने मोकळीक दिली आहे. आणि मग राहतात ती असंख्य मराठी पुस्तकं, जी वर्षानुवर्षं छापलेली नाहीत, ई-पुस्तक म्हणून आलेली नाहीत, लेखक हयात नाही आणि वारसांचा पत्ता नाही. कुणीतरी वाचनालयातली जीर्ण प्रत स्कॅन केली म्हणून ती वाचता येतात. कायदा काहीही म्हणो, त्या स्कॅन करणाऱ्याला चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्याने कुणाच्या खिशातून घेतलं नाही, उलट स्वतःचे कष्ट घातले.

दुसरी गोष्ट बाजाराची. किंडलवर मराठी अधिकृतपणे आलं २०१६च्या डिसेंबरात, म्हणजे पहिल्या किंडलनंतर नऊ वर्षांनी. तोवर आणि त्यानंतरही, ज्याच्या तालुक्यात पुस्तकाचं दुकान नाही अशा वाचकाला कुणी काय दिलं? आज त्याला जे विकलं जातं तेही असं, की ते बहिणीला देता येत नाही आणि मित्राकडून घेता येत नाही. माणसं पूर्वीपासून पुस्तकं एकमेकांना देत आली आहेत. डिजिटल बाजाराने त्यातलं देणंच काढून घेतलं, तेव्हा लोकांनी ते बेशिस्त रूपात परत मिळवलं. पायरसीचं हे समर्थन नाही. पण ती फक्त फुकटेपणातून आली, असं म्हणणंही प्रामाणिकपणाचं नाही.

यातून सभ्य वाट आहे, आणि ती नवीन नाही. १९४६ साली डेन्मार्कने ठरवलं की, ग्रंथालयातल्या पुस्तकांसाठी लेखकाला सरकारी तिजोरीतून मोबदला द्यायचा. ब्रिटनने १९७९मध्ये तसा कायदा केला, आणि पुढे तो ग्रंथालयांच्या ई-पुस्तकांनाही लागू केला. वाचकाला फुकट, लेखकाला मोबदला, भार समाजाने वाटून घेतलेला. महाराष्ट्रात १९६७पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अनुदानित ग्रंथालयांची संख्या हजारांत आहे. यातल्या एखाद्या ग्रंथालयाचं कार्ड फोनवर चालावं, त्यातून मराठी ई-पुस्तक पंधरा दिवसांसाठी घेता यावं आणि प्रत्येक वेळी लेखकाच्या खात्यात दोन-चार रुपये जावेत, यात अशक्य काही नाही. कमतरता तंत्रज्ञानाची नाही. अशी मागणी कुणी जोरात करत नाही, कारण पीडीएफ मिळतेच आहे.

तोवर आपण काय करायचं? मला एक साधी कसोटी उपयोगी पडते. पाठवण्याआधी स्वतःला विचारायचं: यात माझं स्वतःचं काय जातंय? काहीच जात नसेल, लेखक हयात असेल आणि पुस्तक बाजारात मिळत असेल, तर फाइलऐवजी पुस्तक कुठे मिळेल त्याची लिंक पाठवायची, किंवा आपली कागदी प्रत द्यायची.

आणि ज्याच्याकडे खरोखर दुसरा मार्ग नव्हता, ज्याने पीडीएफवरच वाचलं आणि ते पुस्तक मनात घर करून राहिलं, त्याचं काय? त्याला अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, पण हिशोब पूर्ण झाला असंही नाही. आपल्याकडे यासाठी चांगला शब्द आहे: ऋण. ते आज फेडता येत नसेल तर डोक्यावर राहतं. पहिला पगार झाल्यावर त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक विकत घेऊन ते फेडता येतं. गावच्या वाचनालयाला एक प्रत भेट देऊनही येतं. आणि तेही जमत नसेल, तर त्या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहून, लेखकाला कळवून सुरुवात तरी करता येते.