रूमचे रहिवासी

सोसायट्यांच्या दाराशी लावलेल्या नावांच्या पाट्या वाचत चालण्याची मला सवय आहे. चिपळूणकर, सातारकर, पंढरपूरकर. यांतले कितीजण आज त्या गावी राहत असतील? गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कुणी लावत नाही. गाव सुटतं, तेव्हा ते नावात येतं.

एक अख्खं साम्राज्य असंच गाव सोडून गेलं. इ.स. 330 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने रोमची राजधानी पूर्वेला, बॉस्फरसच्या काठी नेली. दीडेकशे वर्षांत पश्चिमेकडचं राज्य मोडलं. पूर्वेकडचं त्यानंतर जवळजवळ हजार वर्षं चाललं. तिथले लोक ग्रीक बोलत. दरबारातूनही लॅटिन हळूहळू गेलं, आणि पुढे खुद्द रोम शहरही हातातून गेलं. तरी ते स्वतःला रोमनच म्हणत. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

इतरांना वाटे. 968 मध्ये पोपचं एक पत्र त्या दरबारात पोचलं. सम्राट निकेफोरसला त्यात ‘ग्रीकांचा सम्राट’ म्हटलं होतं, आणि ‘रोमनांचा सम्राट’ हा मान जर्मनीच्या ओटोला दिला होता. पत्र आणणाऱ्यांची रवानगी तुरुंगात झाली. एका शब्दापायी हे जरा जास्तच झालं, असं मला वाटतं. पण शब्द नावातला होता.

आपण पुस्तकांत वाचतो ते ‘बायझंटाइन साम्राज्य’ हे नाव तर त्यांच्या कानावरही पडलं नसेल. 1453 मध्ये त्यांची राजधानी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांनी घेतली. 1557 मध्ये हिएरोनिमस वोल्फ या जर्मन पंडिताने या रोमनांचे इतिहासग्रंथ छापताना, राजधानीच्या जागी पूर्वी असलेल्या बायझंटियम या गावावरून हे नाव वापरलं. ते रुळायला आणखी बराच काळ जावा लागला. राज्य बुडाल्यावर शंभर वर्षांनी झालेलं हे बारसं.

अरबांनी आणि इराण्यांनी त्या राज्याला ‘रूम’ म्हटलं. कुराणातल्या तिसाव्या सुरेचं नावच ‘अर-रूम’ आहे. पुढे तुर्कांनी आनातोलियाचा मुलूख जिंकला, पण तो रूमच राहिला. तिथले सेल्जुक सुलतान रूमचे सुलतान झाले. कवी मौलाना जलालुद्दीन मूळचे बल्खच्या बाजूचे; आयुष्य रूममधल्या कोन्यात गेलं, म्हणून रूमी. आपण रूमी म्हणतो तेव्हा रोम मनातही येत नाही. कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या मेहमदाने तर ‘कैसर-ए-रूम’ ही पदवी घेतली. राज्य संपवणाऱ्याला नाव मात्र हवं होतं.

ते नाव दख्खनेतही आलं. विजापूरच्या बुरुजावरची मुलूख मैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणाऱ्याचं नाव महंमद बिन हसन रूमी. आपल्याकडे रूमी म्हणजे तेव्हा उस्मानी तुर्कांच्या मुलखातून आलेला माणूस. रूमच्या राजधानीचा तट ज्यांच्या तोफांनी फोडला, शंभर वर्षांत तेच रूमी झाले होते.

तिकडे ग्रीकांमध्येही ते नाव अजून टिकून होतं. 1912 मध्ये ग्रीक आरमाराने लेम्नोस बेट तुर्कांकडून घेतलं. पुढे इतिहासकार झालेले पीटर करॅनिस त्या बेटावरचे. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी : ग्रीक शिपाई उतरले तशी पोरं त्यांना बघायला धावली. शिपायांनी विचारलं, काय बघताय? पोरं म्हणाली, हेलेनी लोक. ग्रीस देशातले ग्रीक स्वतःला हेलेनी म्हणवतात. शिपाई म्हणाले, अरे, तुम्हीपण हेलेनीच ना? पोरं म्हणाली, नाही, आम्ही रोमन.

त्या पोरांना रोम कुठे आहे हे ठाऊक असेल की नाही, कोण जाणे. घरात तसं म्हणत, म्हणून ती रोमन होती. सम्राटाला ज्या नावासाठी माणसं तुरुंगात टाकावी लागली, ते नाव एका बेटावरची पोरं सहज सांगून मोकळी झाली.

इस्तंबूलमध्ये आज ग्रीक फार थोडे उरले आहेत. अथेन्सहून आलेल्या ग्रीकाला तुर्की माणूस ‘युनान’ म्हणतो. आपल्या ‘यवन’चा हा भाऊबंद. शेजारच्या गल्लीतल्या ग्रीकाला मात्र तो ‘रूम’ म्हणतो. दोघांची भाषा एक, पंथ एक. पण युनान म्हणजे परगावचा, आणि रूम म्हणजे इथलाच.