भाऊ ओळखावा जिवंतपणी



पुण्याहून एकाच दिवशी निघालेल्या दोन पालख्या हडपसरला वेगळ्या होतात. माउली दिवेघाट चढून सासवडला जातात आणि तुकोबाराय सोलापूरच्या वाटेने आपल्या लोणी काळभोरला मुक्कामाला येतात. नारायणमहाराजांनी १६८५ साली दोघांच्या पादुका एकाच पालखीतून नेल्या. वाटा वेगळ्या झाल्या त्या १९ व्या शतकात. तरी वाखरीची भेट चुकत नाही. वाट फुटली म्हणून नाते तुटत नाही, हे लोणीकराला कोणी शिकवायला नको.

आता घरातले बोलू. बाप गेल्यावर, दहाव्याला नाही तर तेराव्याला, एक अनोळखी माणूस दारात उभा राहतो. म्हणतो, "मी तुमच्याच वडिलांचा." कपाळ तेच, बोलण्याची ढब तीच. आई पदर तोंडाला लावून आत जाते. धाकटा पुटपुटतो, "आला वाटा मागायला!" अशा वेळी काय करावे?

संस्कृतात सपत्नी म्हणजे सवत. तिच्यावरून सपत्न शब्द झाला आणि त्याचा अर्थच मुळी शत्रू! पण बंधु शब्द पाहा. तो बन्ध् धातूचा, बांधण्याचा. तिथे कोणाची कूस, हे विचारलेले नाही.

महाभारतात कर्ण पांडवांचा भाऊ; आई एक, बाप वेगळे. हे कुंतीला ठाऊक, श्रीकृष्णाला ठाऊक; उद्योगपर्वात कर्णालाही कळले. तो देवाला म्हणाला, युधिष्ठिराला सांगू नका; कळले तर तो राज्य माझ्या हाती देईल. धर्मराजाला कळले केव्हा? युद्ध संपल्यावर, गंगेच्या पाण्यात उभे राहून तिलांजली देताना. मग तो नारदांना सांगतो, द्यूतसभेत कर्ण कठोर बोलत होता, तेव्हा त्याचे पाय पाहून माझा राग ओसरला. ते पाय कुंतीमातेच्या पायांसारखे होते. कारण शोधले, सापडले नाही. अहो, रक्ताने ओळख दिली होती! पण भाऊ म्हणून हाती काय आले? ओंजळभर पाणी.

जवळचा दाखला घ्या. शिवछत्रपती आणि व्यंकोजीराजे, बाप एक, आया दोन. १६७७ साली कोळरूण नदीकाठी तिरुमलवाडीला दोघे भेटले. काही दिवस सोबत राहिले. मग शहाजीराजांच्या दौलतीच्या वाटणीचा विषय निघाला, मने बिघडली, आणि व्यंकोजीराजे रात्रीच निघून गेले. पुढे लढाई झाली, तहही झाला. पण व्यंकोजीराजे उदास होऊन कारभार सोडून बसले, तेव्हा त्यांना उठवणारे पत्र लिहिले ते याच थोरल्या भावाने. वाटणीने तुटलेले नाते काळजीने सांधले.

कोणी म्हणेल, "महाराज, तुम्ही कीर्तन करा, सातबारा आम्ही बघू." बघा की! पण १९५६ च्या वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीला त्याची मुले सारखीच वारस; आई वेगळी असली तरी. दुसरे लग्न कायद्याने रद्द ठरले, तरी त्या लेकरांना बापाच्या हिश्शात वाटा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. तेव्हा वाटा तुमच्या दयेवरही नाही आणि रागावरही नाही. तो वकिलाकडे ठरू द्या. तुमच्या हाती आहे ते एवढेच, की त्याला "दादा" म्हणायचे की नाही.

आईचे दुःख खरे आहे. आधी तिच्याजवळ बसा, तिला रडू द्या. तिला घाई करू नका. पण अपराध असलाच तर बापाचा; जन्माला आलेल्याचा नव्हे. त्याला घोंगडी टाका, पाणी द्या, वडिलांच्या गोष्टी विचारा. त्याच्याजवळचा बाप तुम्हांला ठाऊक नाही, तुमच्याजवळचा त्याला ठाऊक नाही. दोघांनी मिळून बोलल्यावर तो माणूस पुरता कळेल. पुढे सणावाराला निरोप धाडा; आषाढीला एका दिंडीत चाला. माया एका दिवसात येत नाही, चालता चालता येते.

वारीत दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. कोणाच्या पोटचा, हे विचारीत नाहीत. धर्मराजाला वेळेवर कोणी सांगितले नाही. तुमच्या दारी तर तो स्वतः येऊन सांगतो आहे. तिलांजलीची वाट कशाला पाहता?

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!