ढकलणे आणि काढणे

दिवाळीत घरातल्या प्रत्येकाला काही ना काही मिळते. मुलांना फटाके, लेकीसुनांना साडी, जावयाला मान, गाईवासरांना वसुबारसेची पूजा. फार काय, नव्या केरसुणीलाही लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हळदकुंकू लागते. आणि मोरीला? मोरीला मिळते अभ्यंगाचे तेल, उटण्याचा चोथा, चकलीच्या कढईतली गदळ आणि उंबऱ्यावरची कालची रांगोळी. चार दिवस ती मुकाट्याने गिळत राहते आणि भाऊबीजेच्या सकाळी, नेमके पाहुणे दारात असताना, सगळे ओकून मोकळी होते. मग घराघरांत एकच प्रश्न उठतो: आता हात कोण घालणार?

वाचक म्हणतील, हा प्रश्न नळ दुरुस्त करणाऱ्याचा. सणासुदीच्या अंकात याची चर्चा कशाला? माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. नीतिशास्त्राचे मोठे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. पण आपल्या घाणीशी आपले नाते किती अंतरापर्यंत असते, हा प्रश्न मला नीतीचाच वाटतो, आणि तो मोरीपाशी जितका उघडा पडतो तितका देवघरापाशी पडत नाही.

कोकणातल्या जुन्या घरांत मोरीला गुपित नव्हते. न्हाणीतले पाणी भिंतीतल्या भोकातून परसात जाई आणि पाटाने अळूला, केळीला नाहीतर माडाच्या आळ्याला मिळे. पाट तुंबला तर काठीने उकरायचा. घरात काय चुकीचे सांडले ते केळीच्या बुंध्याशी दिसे. ज्याची घाण त्याच्याच डोळ्यांपुढे राही. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. त्याच गावांत माणसाची विष्ठा उचलण्याचे काम जन्मावरून ठरत होते, हे विसरून चालणार नाही.

पुढे नळ्या आल्या, जमिनीखाली गेल्या. नळीला एक वाकण असते. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली लंडनला शौचकूपासाठी अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले. त्या वाकणात थोडे पाणी कायम साचून राहते आणि गटाराची दुर्गंधी, झुरळे यांची वाट अडवते. मौज अशी की जे वाकण आपले रक्षण करते, तिथेच आपली पापेही गोळा होतात. केसांचे जाळे विणले जाते, त्यात साबणाचा साका, भाताची पेज, चहाचा चोथा अडकतो. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते. थंडीच्या दिवसांत तेही त्यावर लिंपण घालते.

आमच्या रत्नागिरीत मोऱ्या काढणारा एक म्हातारा कारागीर होता. तो काम सुरू करण्याआधी दर वेळी विचारी, "गुरुजी, ढकलू की काढू?" ढकलायचे म्हणजे लांब कांब घालून बोळा पुढे सारायचा. पाच मिनिटांत पाणी खळखळ वाहू लागते, हात कोरडे राहतात, पैसेही कमी. काढायचे म्हणजे खाली बादली ठेवून वाकणाचे टोपण उघडायचे आणि आत साचलेला काळा लगदा बाहेर ओढायचा. वेळ लागतो, वास सुटतो, आणि आपण काय काय खाली सोडले ते बघावे लागते. बहुतेक लोक "ढकल" म्हणत, असे तोच सांगे.

ढकललेले जाते कुठे? एक तर सामाईक गटारात, जिथे ते शेजाऱ्याच्या दारात पुन्हा तुंबते, नाहीतर शोषखड्ड्यात. आमचा जांभा दगड सच्छिद्र. वरचे पाणी तो भराभर पितो, आणि एकाच्या परसात मुरलेले पाणी खालच्या वाडीतल्या विहिरीला जाऊन मिळते. जमीन माणसांना वेगवेगळी समजत नाही. माझी मोरी मोकळी झाली याचा अर्थ घाण संपली असा नव्हे. ती माझ्या नजरेबाहेर गेली, इतकाच. आणि नजरेबाहेर कुणीतरी असतोच. मैला हाताने उपसण्याच्या कामावर माणसे नेमायला बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला, तरी गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या अजून येतात.

कुणी म्हणेल, पैसे देऊन काम करून घेण्यात वाईट काय? काहीच नाही. शिंपी कपडे शिवतो, मी मुले शिकवतो, तसा तो मोऱ्या काढतो. वाईट आहे ते वेगळेच: काम त्याने करावे आणि विटाळ मात्र त्याचा मानावा, हे. घाण माझी आणि किळस त्याची, हा कुठला न्याय?

या न्यायाचा झगडा रत्नागिरीच्याच तुरुंगात झाला आहे. अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली तिथे राजबंदी होते. एम.ए. झालेला हा ब्राह्मण गृहस्थ भंगीकाम मागू लागला. वरच्या जातीच्या कैद्याला ते काम देता येत नाही, असे सांगून अधिकाऱ्यांनी नकार दिला. अप्पासाहेबांनी उपासाचा मार्ग धरला, आणि डिसेंबरात येरवड्याहून गांधीजीही त्यांच्यासाठी उपासाला बसले. लोक हक्कासाठी भांडतात. इथे घाणीत हात घालण्याच्या हक्कासाठी भांडण झाले!

पण मला त्यांची पुढची पायरी अधिक मोठी वाटते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाच्या रचनेवरच डोके चालवले. मैल्याचे खत व्हावे आणि कुणालाच तो डोक्यावरून वाहावा लागू नये, हा त्यांचा ध्यास. आपला हात घालणे हा निम्मा धर्म. कुणाच्याच हाताला ते लागू नये अशी व्यवस्था करणे हा उरलेला निम्मा.

हा उरलेला निम्मा धर्म आपल्या स्वयंपाकघरातही पाळता येतो. कढईतले तेल मोरीत न ओतता गाळून बाटलीत भरावे, तळाची गदळ रद्दी कागदाने पुसून घ्यावी. मोरीच्या तोंडाला जाळी बसवून तिच्यावरचे केस रोज उचलावेत. मोरी तुंबलीच तर कडकडीत नव्हे, पण चांगले गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, मग रबरी पंप, आणि शेवटी टोपण उघडणे, असा क्रम ठेवावा. कॉस्टिक सोड्याने कातडी आणि डोळे भाजतात. आणि ब्लीचिंग पावडर व ॲसिड एकत्र आले तर विषारी वायू निघतो. त्या नळीत मागाहून हात घालणारा माणूस आपण नसू, हे लक्षात ठेवावे.

आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे एक पणती मोरीपाशीही ठेवतात. लहानपणी मला ती उधळपट्टी वाटे. आता वाटते, ज्याने ही चाल पाडली त्याला एक गोष्ट ठाऊक असावी: उजेडाची गरज देवापेक्षा, आपण जिथे पाहायचे टाळतो त्या जागेला अधिक असते.